भरतीची वीज, ओहोटीचे धोरण

कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्यासाठी पूर्वी छापील कोष्टकाची गरज भासत नसे. तिथीची पाऊणपट करावी आणि जो आकडा येईल तितक्या वाजता भरती समजावी, असा सरळ हिशेब होता. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. शाळेत पाऊणकी पाठ केलेल्या मुलाला आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या कोळ्याला हा हिशेब सारखाच येई. आणि थोडाफार फरक सोडला तर तो चुकतही नसे. आज शास्त्राने हे गणित मिनिटापर्यंत आणून ठेवले आहे. पुढील आठवड्यात पाऊस पडेल की नाही हे वेधशाळेला छातीठोकपणे सांगता येत नाही. पण आणखी दहा वर्षांनी अमुक दिवशी मुंबई बंदरात पाणी किती वाजता आणि किती मीटर चढेल, हे आजच सांगता येते. वारा पडतो, आभाळ भरून येते, धरण आटते. समुद्राची भरती मात्र एक दिवसही रजा घेत नाही.

ज्या शक्तीचे वेळापत्रक इतके पक्के आहे, तिच्यापासून वीज मिळविण्याचा विचार भारतात १९७५ सालापासून, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ चालू आहे. या काळात पाहण्या झाल्या, अहवाल झाले, करार झाले, अंदाजपत्रकेही झाली. परंतु भरतीच्या पाण्यावर चालणारे एकही वीजकेंद्र भारताच्या किनाऱ्यावर उभे राहिले नाही. याचा दोष निव्वळ सरकारी आळसावर टाकून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे होणार नाही. प्रकल्प सोडून देण्यामागे आर्थिक कारणे होती आणि त्यांतली काही वजनदार होती. तरीही जे सोडायला हवे होते त्याबरोबर जे राखायला हवे होते तेही सोडले गेले, हे या प्रश्नाचे खरे दुखणे आहे. खंभातच्या आखाताला बांध घालण्याची योजना गुजरात सरकारच्या विचारात दीर्घकाळ असल्यामुळे ते आज पुन्हा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

उंचीचा वर्ग

भरतीची वीज म्हणजे लाटांची वीज नव्हे. लाट वाऱ्याने उठते आणि वाऱ्याबरोबर मावळते. भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणातून होते. पाणी सुमारे सहा तास चढते, सुमारे सहा तास उतरते, आणि हा फेरा दिवसातून दोनदा होतो. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते आणि तेव्हा चढउतार बराच कमी होतो.

या पाण्यापासून वीज काढण्याची प्रचलित रीत कोकणातल्या आणि गोव्यातल्या शेतकऱ्याला अनोळखी वाटू नये. खाजणाच्या बांधात उघाडी असते. ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि भरती लागली की पाण्याच्याच दाबाने मिटून खारे पाणी अडवायचे, हे तिचे काम. गोव्यात तिलाच मानस म्हणतात. वीजकेंद्रात याच युक्तीचा उलटा उपयोग केला जातो. खाडीच्या मुखावर बांध घालायचा, भरतीचे पाणी आत घ्यायचे, दारे लावायची, आणि बाहेर पाणी पुरेसे उतरले की आतले पाणी टर्बाइनमधून सोडायचे. दुसरी रीत अलीकडची आहे. तीत बांध नसतो. सामुद्रधुनीत किंवा खाडीच्या वेगवान प्रवाहात पवनचक्कीसारखी पाती पाण्याखाली बसवितात.

बांधाच्या रीतीत एक गणित निर्णायक ठरते. भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील अंतर दुप्पट झाले, तर मिळणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. कारण पाणीही दुप्पट साठते आणि ते पडतेही दुप्पट उंचीवरून. एक चौरस किलोमीटरच्या तळ्यात पाच मीटर उंचीचे पाणी साठविले, तर एका ओहोटीत सुमारे ३५,००० युनिटांइतकी ऊर्जा तात्त्विकदृष्ट्या उपलब्ध होते. तेच अंतर दहा मीटर असेल तर आकडा १,४०,००० वर जातो. म्हणूनच सगळा किनारा या कामाला सारखा उपयोगी नसतो. मुंबईला उधाणातही चढउतार पाच मीटरच्या आसपास राहतो आणि भांगाला तो पुष्कळच उतरतो. कोकणातल्या खाड्यांवर मोठी वीजकेंद्रे उभी राहतील अशी स्वप्ने पाहण्यात म्हणूनच अर्थ नाही.

गुजरातची गोष्ट वेगळी आहे. खंभातचे आखात नरसाळ्यासारखे आहे. दक्षिणेला रुंद तोंड, उत्तरेला अरुंद आणि उथळ होत गेलेला गळा. त्यामुळे आत शिरलेले पाणी कोंडून वर चढते. तेथे जास्तीत जास्त चढउतार ११ मीटरचा आणि सरासरी पावणेसात मीटरची आहे. कच्छच्या आखातात हे आकडे अनुक्रमे ८ आणि सव्वापाच मीटरचे आहेत. या पाण्यावर व्यवहार आजही चालतो. अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेली प्रचंड जहाजे उधाणाच्या भरतीवरच जमिनीला लावली जातात, आणि ओहोटीला बोटी गाळात बसू नयेत म्हणून भावनगर बंदराला पाणी अडविणारा दरवाजा बांधावा लागला. जहाज उचलून आणणारे पाणी वीजही देऊ शकेल, अशी कल्पना कोणाच्या मनात आली असल्यास ती वेडगळ म्हणता येणार नाही.

फ्रान्सचा धडा, दोन बाजूंचा

ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचा पहिला मान फ्रान्सकडे जातो. ब्रिटनी प्रांतात सेंट मालो गावाजवळ राँस नदीच्या मुखावर बांध घालून त्यात प्रत्येकी १० मेगावॅटची २४ यंत्रे बसविण्यात आली. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष द गॉल यांच्या हस्ते या २४० मेगावॅटच्या केंद्राचे उद्घाटन झाले. तेथे भरती-ओहोटीचे सरासरी अंतर आठ मीटरहून अधिक आहे. वर्षाकाठी सुमारे पन्नास कोटी युनिट वीज देणारे हे केंद्र सहा दशकांच्या घरात गेले आहे. बांधावरून रस्ता गेल्यामुळे दोन तीरांवरच्या गावांमधील लांबचा वळसाही वाचला.

मग जगभर अशी केंद्रे का उभी राहिली नाहीत? एक उत्तर पैशाचे आहे आणि दुसरे खाडीचे. बांध, यंत्रे, दारे या सर्वांचा खर्च पहिल्या दिवशी करावा लागतो. उत्पन्न मात्र पुढच्या पिढ्यांना मिळते. शिवाय पाणी रोज मिळत असले, तरी यंत्रे दिवसाचे चोवीस तास पूर्ण ताकदीने चालत नाहीत. पाण्याची पातळी पुरेशी उतरेपर्यंत थांबावे लागते, भांगाच्या दिवसांत उत्पादन घटते. राँस केंद्राची वार्षिक वीज त्याच्या पूर्ण क्षमतेच्या पावपटीपेक्षा थोडी कमीच भरते.

खाडीचे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे. बांधकामाच्या सोयीसाठी राँसची खाडी सुमारे तीन वर्षे समुद्रापासून पूर्णपणे तोडण्यात आली होती. आतले खारे पाणी आणि त्यावर जगणारी जीवसृष्टी त्या काळात कोलमडली. बांध सुरू झाल्यावर नवा समतोल प्रस्थापित व्हायला दहाएक वर्षे लागली आणि गाळ साचण्याचा त्रास पुढेही संपला नाही. कॅनडातील अनुभवही बोलका आहे. भरतीचा चढउतार सोळा मीटरपर्यंत जाणाऱ्या फंडीच्या उपसागराच्या काठी ॲनापोलिस येथे १९८४ साली २० मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. ३५ वर्षे ते चालले. यंत्रातील बिघाड आणि टर्बाइनमधून जाताना मरणाऱ्या माशांविषयीचा आक्षेप, या दोन कारणांनी ते २०१९ साली बंद पडले. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीच्या मुखावर बांध घालण्याची चर्चा शतकभर झाली आणि २०१० साली सरकारने ती गुंडाळली. स्वान्झीच्या उपसागरातील ३२० मेगावॅटचा छोटा बेतही पैशाला महाग म्हणून २०१८ साली नाकारला.

सिहवाचे तळे

या सर्व उदाहरणांत दक्षिण कोरियाचे उदाहरण भारताने सर्वांत बारकाईने अभ्यासावे असे आहे. सिहवा येथे समुद्राचा एक फाटा सुमारे बारा किलोमीटर लांबीच्या भिंतीने १९९४ साली बंद करण्यात आला. हेतू विजेचा नव्हता. आत गोड्या पाण्याचे तळे तयार व्हावे, नवी जमीन मिळावी आणि तिला त्या पाण्याने भिजवावे, अशी योजना होती. परंतु आजूबाजूच्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी तळ्यात येत राहिले, समुद्राची ये-जा थांबलेली होती, आणि दोन-तीन वर्षांतच ते पाणी शेतीला देण्याच्या लायकीचे राहिले नाही. शेवटी गोड्या पाण्याचा बेत सोडून समुद्राला पुन्हा आत घ्यावे लागले. ज्या भिंतीतून पाणी आत घ्यायचेच आहे त्या भिंतीत यंत्रे बसविली तर काय बिघडेल, या विचारातून २०११ साली तेथे २५४ मेगावॅटचे केंद्र सुरू झाले. राँसला मागे टाकून ते जगातील या प्रकारचे सर्वांत मोठे केंद्र ठरले. त्याची वार्षिक वीज पंचावन्न कोटी युनिटांची आहे. आणि रोजच्या भरतीने आतले पाणी धुऊन निघून ते सुधारले, हा लाभ वेगळाच.

हीच गोष्ट पुढे वाचली पाहिजे. त्याच दक्षिण कोरियात गारोलिम नावाच्या उपसागरावर ५२० मेगावॅटच्या केंद्राचा प्रस्ताव आला, तेव्हा तेथील पर्यावरण मंत्रालयाने २०१४ साली तो अडविला. कारण गारोलिमचा उपसागर जिवंत होता. त्याच्या चिखलाच्या मैदानांवर मासेमारी चालत होती, तेथे सील प्राण्यांचा वावर होता. मेलेल्या तळ्यात भरती परत आणण्यासाठी बांधलेले केंद्र त्या देशाने स्वीकारले आणि जिवंत उपसागर बंद करून मिळणारी दुप्पट वीज नाकारली. यात विसंगती काहीच नाही. नवा बांध केवळ विजेसाठी घालावा लागत असेल तर खर्च आणि हानी दोन्ही विजेच्या माथी येतात. बांध अगोदरच उभा असेल किंवा दुसऱ्या कारणासाठी होणारच असेल, तर हिशेब पालटतो. भरतीच्या विजेचा विचार याच कसोटीवर झाला पाहिजे.

पन्नास वर्षांचे कागद

भारतातील प्रयत्नांकडे या कसोटीने पाहिले तर काय दिसते? १९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे एरिक विल्सन या तज्ज्ञाने भारतीय किनाऱ्याची पाहणी केली आणि खंभात, कच्छ व सुंदरबन ही तीन ठिकाणे दाखविली. ऐंशीच्या दशकात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने कच्छच्या आखातासाठी ९०० मेगावॅटच्या प्रकल्पाचा अभ्यास केला. त्यातून वर्षाला १६९ कोटी युनिट वीज अपेक्षित होती. तो कागदावर राहिला. त्यानंतर सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर केवळ पावणेचार मेगावॅटचे प्रात्यक्षिक केंद्र ठरले. त्याचे अंदाजपत्रक २३८ कोटी रुपयांवर, म्हणजे एका मेगावॅटला साडेत्रेसष्ट कोटींवर गेले. २०११ साली गुजरात सरकारने कच्छमध्ये पाण्याखालील पात्यांच्या रीतीने ५० मेगावॅटचा प्रकल्प एका परदेशी कंपनीच्या साहाय्याने उभारण्याचे जाहीर केले. त्याचा अंदाज ७५० कोटींचा होता. हे दोन्ही प्रकल्प खर्चाच्या कारणावरून सोडून देण्यात आले.

पुढे मद्रासच्या आयआयटीच्या अभ्यासात भारतातील भरतीच्या विजेची क्षमता १२,४५५ मेगावॅट असल्याचे सांगण्यात आले. २०१९ साली केंद्र सरकारने समुद्रापासून मिळणाऱ्या ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला. २०२१ साली संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने या विषयावर स्वतंत्र अहवाल सादर केला आणि प्रायोगिक प्रकल्पाचा विचार नव्याने करावा असे सुचविले. दर्जा मिळाला, अहवाल मिळाला, आकडा मिळाला. पण बारा हजार मेगावॅट हा आकडा कागदावरील क्षमतेचा आहे. त्यातील किती वीज खरोखर मिळू शकेल आणि किती किमतीला, हे सांगण्यासाठी लागणारा स्वतःचा अनुभव देशाजवळ एका मेगावॅटचाही नाही. आणि तो अनुभव नसल्यामुळे दर वेळी परदेशी यंत्रांच्या किमतीवर अंदाज बांधायचे, ते भरमसाट निघायचे आणि प्रकरण मिटवायचे, असे चक्र चालू राहिले आहे.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा

खर्चाचा मुद्दा उडवून लावण्याजोगा मुळीच नाही. सूर्यप्रकाशापासून मिळणारी वीज लिलावात अडीच रुपयांच्या आसपास उपलब्ध होऊ लागली असताना एका मेगावॅटला साठ कोटी रुपये समुद्रात घालावेत, असे कोणताही जबाबदार अर्थमंत्री म्हणणार नाही. भारताची सौर क्षमता २०२५ च्या आरंभी एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. तिने स्वस्त विजेचा प्रश्न दुपारपुरता बराच सोडविला आहे. प्रश्न उरतो तो दिवेलागणीनंतरचा. भरतीची वीज रोज संध्याकाळीच येईल असे नाही, कारण ती रोज पाऊण तासाने सरकते; पण ती कधी येणार हे वर्षभर आधी ठाऊक असते. वीजवितरणाचे नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याला या निश्चितीचे मोल असते. दुर्दैवाने अंदाजपत्रकात या मोलाला रकाना नसतो.

अंदाजपत्रकात आणखी एका गोष्टीला रकाना नसतो; ती म्हणजे दीर्घायुष्य. दहा टक्के व्याजाने हिशेब केला, तर चाळीस वर्षांनंतर मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत सव्वादोन पैसे भरते. साहजिकच जे केंद्र साठ किंवा शंभर वर्षे चालेल त्याची शेवटची निम्मी वर्षे या हिशेबात जवळजवळ शून्य ठरतात. महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधायला नको. सह्याद्रीत पाणी अडवून टाटांनी खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू केले. तेव्हा ते धाडसच होते. शंभर वर्षे उलटून गेली तरी त्या पाण्याची वीज मुंबईला मिळत राहिली. चाळीस वर्षांपुढचा रुपया सव्वादोन पैशांचा मानणाऱ्या हिशेबाने त्या शंभर वर्षांचे मोल आधी कधीच मोजले नसते.

परंतु त्याच सह्याद्रीने दुसराही धडा दिला आहे आणि तो विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. टाटांच्याच पुढच्या धरणासाठी मुळशी खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली तेथे सत्याग्रह झाला. सेनापती बापट ही पदवी पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्याने दिली. मुळशीचे धरण झाले, भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले, मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या त्या विजेवर चालल्या. त्या स्वस्त विजेच्या बिलाचा एक भाग मावळातल्या शेतकऱ्याने भरला, तो कोणत्याही जमाखर्चात दिसला नाही. खाडी आणि आखात यांना तर सातबाराही नसतो. मासेमाराची जमीन पाणी असते आणि त्या पाण्यावरचा त्याचा हक्क वहिवाटीचा असतो, कागदाचा नसतो. आखाताला बांध घालताना बुडणारी शेते कोणाला दिसणार नाहीत. माशांचा मार्ग बुजेल तेवढाच. म्हणून मुळशीत झालेली चूक येथे अधिक सहजपणे होऊ शकते.

आखाताला भिंत घालण्यापूर्वी

हे सगळे विवेचन कल्पसर योजनेपाशी येऊन ठेपते. खंभातच्या आखातात भावनगर आणि भरूच या जिल्ह्यांना जोडणारा सुमारे तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून साबरमती, मही, धाढर इत्यादी नद्यांचे पाणी अडवावे आणि ते सौराष्ट्राला द्यावे, अशी ही योजना आहे. बडोद्याचे डॉ. अनिल काणे यांनी ऐंशीच्या दशकात ती मांडली, तेव्हा भरतीची वीज हे तिचे महत्त्वाचे अंग होते. पूर्वीच्या आराखड्यात तिचा आकडा ५,८८० मेगावॅट इतका मोठा धरला होता. पुढील आराखड्यांत हे अंग गळाले आणि गोड्या पाण्याचा साठा हा मुख्य हेतू राहिला. सौराष्ट्राची तहान खोटी नाही. दुष्काळात रेल्वेने पाणी नेण्याची वेळ ज्या भागावर आली, त्याच्या पाण्याच्या मागणीला नाके मुरडण्याचा अधिकार कोणाला नाही.

तरीही सिहवाची आठवण टाळता येत नाही. साबरमती अहमदाबाद ओलांडते तेव्हा शहराचे आणि कारखान्यांचे सांडपाणी बरोबर घेऊन येते. मही आणि धाढरच्या परिसरातही रासायनिक उद्योग मोठ्या प्रमाणावर आहेत. हे पाणी आज दिवसातून दोनदा समुद्र धुऊन नेतो. भिंत पुरी झाली की ते आतच राहील. आखातातला गाळही प्रसिद्ध आहे. नद्या तो आणतात आणि भरती तो घुसळत ठेवते. भरतीची ये-जा थांबल्यावर तो कोठे आणि किती बसेल, हा योजनेच्या आयुष्याचाच प्रश्न आहे. नर्मदेच्या मुखाशी भाडभूत येथे बंधाऱ्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा समुद्रातून नदीत चढणाऱ्या पाला माशावर जगणाऱ्या मासेमारांनी विरोध केला तो याच अनुभवाच्या जोरावर. धरणांमुळे नदीचे पाणी घटले तसा हा मासा घटत गेल्याचे त्यांनी पाहिले होते.

केवळ विजेसाठी खंभातच्या आखातावर बांध घाला, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. गारोलिमची कसोटी लावली तर तसा बांध टिकणार नाही. पण पाण्यासाठी तो घालण्याचे ठरलेच, तर त्यात समुद्र पुन्हा आत घेता येईल इतक्या रुंदीची दारे आणि पुढेमागे यंत्रे बसविता येतील अशी जागा पहिल्याच आराखड्यात ठेवली पाहिजे. गोड्या पाण्याचा बेत फसला, तर परतीचा रस्ता उरेल; आणि त्या रस्त्यावर वीजही मिळेल. कोरियाला ही गोष्ट भिंत बांधून झाल्यावर, पाणी नासल्यावर आणि भिंत फोडण्याचा खर्च करून शिकावी लागली. भारताला ती आधीच कळलेली आहे. ज्या देशात भरती सर्वांत उंच चढते त्याच जागी तिला कायमची बाहेर ठेवणारी भिंत घालायची आणि आराखड्यात भरतीच्या विजेचा उल्लेखही करायचा नाही, याला नियोजन म्हणता येत नाही.

दुसरे काम याहून लहान आहे आणि त्यासाठी आखाताची वाट पाहण्याचे कारण नाही. बंदरांच्या पाणदरवाजांपाशी, खारभूमीच्या जुन्या बांधांवर, कच्छमधील मिठागरांच्या आणि बंदरांच्या भिंतींवर अशा जागा शोधता येतील, की जेथे बांध आधीच उभा आहे आणि पाण्याची ये-जा आधीच दाराने होते. तेथे काही शेकडा किलोवॅटची दोन-तीन प्रात्यक्षिक केंद्रे उभारावीत. ती नफ्यात चालणार नाहीत, हे आरंभीच कबूल करावे. रशियाने १९६८ साली मुरमान्स्कजवळ किसलाया येथे असेच चारशे किलोवॅटचे केंद्र उभारले होते. सगळे वीजघर गोदीत बांधून, तरंगवत नेऊन जागेवर बसविण्याची पद्धत तेथे आजमावली गेली आणि खाडी कोरडी पाडण्याची आवश्यकता टळली. राँसमध्ये झालेल्या हानीला उत्तर शोधण्याची ती सुरुवात होती. चीनने १९८० साली जिआंगशा येथे काही मेगावॅटचे केंद्र सुरू केले आणि ते सुधारत चालविले. स्कॉटलंडच्या पेंटलंड सामुद्रधुनीत पाण्याखाली बसविलेल्या चार यंत्रांपैकी एक यंत्र सहा वर्षांहून अधिक काळ अनपेक्षित दुरुस्तीवाचून चालल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले. खारे पाणी यंत्र खाते, शंख-शिंपले चिकटतात, हा आक्षेप या अनुभवाने संपला नसला तरी बोथट झाला आहे.

अशा लहान केंद्रांतून जे मिळेल ते विजेपेक्षा मोलाचे असेल. भारतीय पाण्यात, भारतीय गाळात कोणता धातू टिकतो, पाती किती महिन्यांनी साफ करावी लागतात, मासे कसे वागतात, एका युनिटाला खरोखर किती रुपये पडतात, हे आकडे मिळतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना शिकायला जागा मिळेल. आणि जेथे केंद्र होईल तेथील मासेमारांच्या सोसायट्यांना पहिल्या दिवसापासून माहिती आणि देखरेखीत वाटा मिळाला, तर पुढील मोठ्या निर्णयाच्या वेळी लोकांचा विरोध की लोकांचे अज्ञान असा नेहमीचा निष्फळ वाद तरी टळेल. पडताळणीनंतर भरतीची वीज भारताला परवडत नाही असे ठरले, तर तो निर्णयही सन्मानाने स्वीकारता येईल. कारण तो स्वतःच्या मोजणीवर आधारलेला असेल.

दुर्गादुआनीचा प्रकल्प महाग होता म्हणून सोडला, हे समजण्यासारखे आहे. पण तो सोडताना त्याच्या दशांश खर्चात काय करून पाहता येईल, हा प्रश्न कोणी विचारला नाही. एका टोकाला हजारो मेगावॅटचे मनोरे आणि दुसऱ्या टोकाला कोरा कागद, यांच्यामध्ये बरीच जागा मोकळी आहे. तिथीला पाऊणपट करणाऱ्या कोळ्याने हिशेब कागदावर मांडला नव्हता. तो पाण्याकडे रोज पाहून शिकला होता. ज्या देशातील साधा माणूस समुद्राचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणत असे, त्या देशातील सरकारने पन्नास वर्षांनंतर तरी एखादी उघाडी निवडून पाणी मोजायला सुरुवात करावी. खंभातच्या आखाताचा आराखडा अंतिम करण्याअगोदर ही मोजणी हाती आली, तर तिचा उपयोग होईल. भिंत उभी राहिल्यानंतर ती मोजणी करण्यास आखातात भरती उरलेली नसेल.